आधी प्रश्न, मग आकडा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात बालीगंज येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत बहुधा संतवाङ्मय, नाट्यसंगीत किंवा मराठ्यांचा इतिहास यांवर बोलावयाचे असते. त्या मानाने आम्ही निवडलेला विषय आपणांस रूक्ष वाटेल. परंतु आज आपल्या घरोघरची मुलेमुली सॉल्ट लेकच्या सेक्टर पाचमध्ये, बंगळूरला किंवा परदेशी संगणकाच्या कंपन्यांत नोकऱ्या करीत आहेत. 'तू नेमके काय काम करतोस?' असे आजीने विचारले, तर 'डेटाचे काम' एवढेच उत्तर मिळते. त्याने आजीचे समाधान होत नाही. आमचेही होत नव्हते. म्हणून आम्ही थोडी चौकशी केली. तेव्हा ध्यानात आले की, या कामाचा सर्वांत अवघड भाग यंत्रावर बसून करावयाचा नसतोच. ज्याच्यासाठी माहिती जमवावयाची, त्याचे काम प्रत्यक्षात कसे चालते याचा माग काढणे आणि त्याला नेमकी कशाची गरज आहे हे निश्चित करणे, येथे खरी कसोटी लागते. 'बिझनेस प्रोसेस ॲनालिसिस' आणि 'रिक्वायरमेंट' अशी त्यास भारदस्त नावे आहेत. सरकारी दप्तरात आयुष्य काढलेल्या आमच्यासारख्या बी.ए. झालेल्या माणसालाही त्यातील मर्म कळू शकते, कारण ते मर्म अगदी जुने आहे. आकडा बेरजेत क्वचित चुकतो. बहुधा तो प्रश्नातच चुकलेला असतो.

हे शास्त्र आपल्या देशात जेथे कसास लागले, ते ठिकाण हेच शहर होय. आणि त्या घडणीत मराठी माणसांचाही हात होता. दूरदेशी राहणाऱ्या आपणां मंडळींना ती हकीकत ठाऊक असावी, असे आम्हांस वाटते.

महाराष्ट्रातून बंगालमध्ये आलेल्या माणसाला भाषा, हवा आणि ताटातला मासा यांतील वेगळेपण पहिल्याच दिवशी जाणवते. जमिनीच्या दप्तरातील वेगळेपण मात्र सहसा कोणी पाहत नाही. मुंबई इलाख्यात रयतवारी होती. सरकार शेतकऱ्याकडून थेट सारा घेई. त्यामुळे कोणाच्या शेतात काय पेरले आहे, हे सरकारला कळणे भाग होते. गावोगाव कुलकर्णी आणि पुढे तलाठी हंगामाची पाहणी करून पिकांची नोंद ठेवी. सातबाऱ्याच्या उताऱ्यातील 'बारा' तो हाच. गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही. बंगालची तऱ्हा निराळी. १७९३ सालच्या कायमधाऱ्याने येथे सरकारचा व्यवहार जमीनदाराशी बांधला गेला. ठरलेली रक्कम हाती पडली की कोणत्या मौज्यात भात किती आणि ताग किती, याची विचारपूस करण्याची सरकारला निकड उरली नाही. निकड नाही म्हणून तलाठी नाही, आणि तलाठी नाही म्हणून नोंद नाही. पेरणीखालील क्षेत्राचे आकडे चौकीदारांच्या सांगण्यावरून वर जात आणि वर जाता जाता ते छापील अहवालात स्थिर होत. यात कोणाची लबाडी होती असे नव्हे. खरा आकडा जन्माला यावा असे कोणतेही काम त्या व्यवस्थेत मुळी होतच नव्हते.

याची किंमत काय पडते, ते १९४३ साली दिसले. बंगालच्या त्या दुष्काळात चौकशी आयोगाच्या मते सुमारे १५ लाख माणसे दगावली. पुढील अभ्यासकांनी याहून बराच मोठा आकडा मानला आहे. दुष्काळाची कारणे अनेक आहेत आणि त्यांविषयी वादही पुष्कळ झाले आहेत. तथापि प्रांतात तांदूळ किती आहे आणि किती कमी पडणार आहे, याचा भरवशाचा आकडा राज्यकर्त्यांजवळ नव्हता, हे निर्विवाद आहे. आयोगाने १९४५च्या आपल्या अहवालात बंगालच्या पीकविषयक आकडेवारीच्या उणिवांवर बोट ठेवले आहे. माहितीचे दप्तर नीट नसणे म्हणजे केवळ कचेरीतील गैरसोय नव्हे, ही गोष्ट या शहराच्या पदपथांनी पाहिली आहे.

त्याआधीच प्रेसिडेन्सी कॉलेजातील एका प्राध्यापकांनी या प्रश्नाला हात घातला होता. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली आणि १९३७पासून तागाच्या क्षेत्राची नमुना पाहणी सुरू केली. सबंध बंगालचे प्रत्येक शेत मोजणे शक्य नव्हते. म्हणून नकाशावर यादृच्छिक रीतीने तुकडे निवडावयाचे आणि तेवढीच शेते पाहून प्रांताचा अंदाज बांधावयाचा, अशी ही पद्धत होती. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट याच्या पुढची आहे. महालनोबिसांनी आपल्या अन्वेषकाचा दिवस कसा जातो, याचाही हिशेब मांडला. एका तुकड्याहून दुसऱ्याकडे चालत जाण्यास किती वेळ लागतो, प्रत्यक्ष नोंदीस किती लागतो, किरकोळ कामात किती जातो, या सर्वांची मोजदाद करून मग तुकडे किती मोठे आणि किती संख्येने घ्यावयाचे ते ठरविले. शिवाय एकाच भागात दोन स्वतंत्र पथके पाठवून त्यांचे आकडे ताडून पाहण्याची पद्धत घातली. माणूस दमतो, चिखल चुकवितो, कधी झाडाखाली बसून फॉर्म भरतो, हे त्यांनी गृहीत धरले होते. ज्याला आज 'प्रोसेस' म्हणतात तिचा अभ्यास याहून वेगळा काय असतो?

आता आपल्या सातारकरांकडे वळू. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. लंडनला संख्याशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन ते परतले आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेत संख्याशास्त्राचे काम पाहू लागले. पिकाचा उतारा काढण्यासाठी शेताचा एक तुकडा आखून तेवढाच कापावयाचा आणि त्याचे धान्य तोलावयाचे, ही रीत दोघांनाही मान्य होती. मतभेद होता तो तुकडा केवढा असावा, यावर. महालनोबिसांची पथके काही फूट त्रिज्येची लहान वर्तुळे कापीत. सुखात्म्यांनी १९४६ साली 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले की, लहान तुकड्याने उतारा फुगून दिसतो. आखलेल्या रेषेवरचे ताट आत धरावे की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो.

हे आपण स्वतः गणित करून पाहावे. २ फूट त्रिज्येचे वर्तुळ आखले आणि विळा सगळीकडून अवघा ३ इंच बाहेर गेला, तर क्षेत्र सुमारे २७ टक्क्यांनी वाढते. तोच विळा तसाच ३ इंच बाहेर गेला, पण तुकडा ३३ फूट लांब आणि साडेसोळा फूट रुंद, म्हणजे एकराचा ऐंशीवा हिस्सा असला, तर वाढ ५ टक्क्यांच्याही आत राहते. हात तोच, विळा तोच, चूकही तेवढीच. परिणाम मात्र एका ठिकाणी राज्यकर्त्याची दिशाभूल करणारा आणि दुसऱ्या ठिकाणी सोसण्याजोगा. फार लहान तुकडे टाळावेत, असे महालनोबिसांच्या चाचण्यांतही दिसून आले होते.

या वादात कोण बरोबर, हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु वादाच्या मुळाशी दोन प्रांतांचे दोन दप्तर होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. सुखात्म्यांच्या समोर असे प्रांत होते की जेथे पटवारी किंवा तलाठी गावातच हजर होता. त्याच्याकडून मोठा तुकडा सावकाश कापवून घेता येई. महालनोबिसांना बंगालमध्ये असा माणूस मिळण्यासारखा नव्हता. त्यांचा अन्वेषक मौज्यामौज्यांतून फिरणारा पाहुणा. त्याला थोडक्या वेळात पुष्कळ ठिकाणी कापणी करावयाची होती. एकच प्रश्न, पण काम करणारा हात निराळा, म्हणून पद्धत निराळी. दुसऱ्या ठिकाणची तयार पद्धत जशीच्या तशी उचलून आणणाऱ्या आजच्या तरुणांनी हा धडा गिरवून ठेवावा.

स्वातंत्र्यानंतर १९४९ साली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. महालनोबिस अध्यक्ष, आणि सभासदांत पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणीस आरंभ झाला. सरकारचा माणूस घरोघर जाऊन 'काय खाता, किती खर्चता' असे विचारू लागला. येथे पहिला पेच पडला तो 'घर' या शब्दाचा. या पाहणीत कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसे. आपल्याकडे वेगळे निघणे म्हणजे 'चूल वेगळी मांडणे', आणि बंगालीत एकत्र कुटुंबाला 'एकान्नवर्ती' म्हणतात. तेव्हा ही व्याख्या दोन्ही भाषांना घरचीच आहे. बालीगंजमधील एखाद्या जुन्या वाड्यात दरवाजा एक, आडनाव एक, पण वरच्या मजल्यावर थोरल्याची चूल आणि खाली धाकट्याची. तर ती दोन कुटुंबे झाली. घरात राहून तेथेच जेवणारी मोलकरीण ही मालकाच्या कुटुंबात धरावयाची. मेसमध्ये राहणारा प्रत्येक जण मात्र एकट्याचे स्वतंत्र कुटुंब. नोकरीसाठी एकट्यानेच कलकत्त्यास येऊन मेसमध्ये दिवस काढणारा मराठी तरुण सरकारच्या हिशेबी कुटुंबप्रमुख असे, हे त्याच्या स्वप्नातही आले नसेल! अशा व्याख्या आधी ठरविल्या नाहीत, तर दहा अन्वेषक दहा प्रकारची घरे मोजून येतात, आणि पुढे कोणतेही यंत्र ती चूक दुरुस्त करू शकत नाही.

दुसरा पेच आठवणीचा. 'गेल्या आठवड्यात किती तेल लागले?' असे विचारावे, की 'गेल्या महिन्यात किती लागले?' असे? आठवड्याचा प्रश्न केला तर मागची खरेदीही माणूस त्यात ओढून घेतो. महिन्याचा केला तर काही विसरतो. १९५०च्या दशकाच्या आरंभी पश्चिम बंगालच्या खेड्यांत याची परीक्षा घेण्यात आली. लोकांच्या उत्तरांशी प्रत्यक्ष तोललेल्या धान्याचा मेळ घालून पाहिला, तेव्हा महिन्याचे उत्तर वजनाशी अधिक जुळले. म्हणून तीस दिवसांचा प्रश्न रूढ झाला. याच पाहणीच्या आकड्यांवरून पुण्यात वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ सिद्ध केला.

१९९९-२००० सालच्या पंचावन्नाव्या फेरीत मात्र अन्नपदार्थांसाठी सात दिवसांचा आणि तीस दिवसांचा असे दोन्ही रकाने शेजारी शेजारी छापले गेले. एका बैठकीत एकाच गृहिणीला दोन्ही विचारले की ती पहिल्या उत्तराशी दुसरे जुळवून देणार, हे उघड आहे. अधिकृत गणनेप्रमाणे दारिद्र्याचे प्रमाण १९९३-९४ मधील ३६ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आले. गरिबांची संख्या ३२ कोटींवरून २६ कोटींवर उतरली. यातील खरी घट किती आणि रकान्यांची किमया किती, यावर अर्थशास्त्रज्ञांत वर्षानुवर्षे वाद झाला. हा वाद पंडितांपुरता नव्हता. १९९७ साली लागू झालेल्या रेशनव्यवस्थेत राज्यांना मिळणारे स्वस्त धान्य दारिद्र्याच्या अंदाजांवरून ठरत असे. एका रकान्याच्या जागेवर कोणाच्या तरी घरचा तांदूळ अवलंबून होता.

पुढे सुरेश तेंडुलकर यांच्या समितीने २००९ साली दारिद्र्यरेषा नव्याने मांडताना मिश्र कालावधी स्वीकारला: कपडे, पादत्राणे, शिक्षण, टिकाऊ वस्तू आणि रुग्णालयातील उपचार यांसाठी वर्षाचा प्रश्न, बाकीसाठी महिन्याचा. वर्षातून एकदा घेतलेल्या चपलेविषयी महिन्याचा प्रश्न करण्यात अर्थ नाही, हे शहाणपण त्यात आहे. २०२२-२३च्या पाहणीत तर तीन प्रश्नपत्रिका करून एकाच घरी तीनदा जाण्याची पद्धत ठेवली, म्हणजे एका बैठकीत उत्तर देणारा थकून जाऊ नये. हातात टॅबलेट आला तरी सुधारणा मूलतः प्रश्नाची आणि भेटीचीच होती.

आपल्या महाराष्ट्रातील ताजे उदाहरणही असेच बोलके आहे. १५ ऑगस्ट २०२१पासून 'ई-पीक पाहणी' राज्यभर सुरू झाली. गाव नमुना बारामधील पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून, मोबाइलवर छायाचित्र काढून करावयाची. वरवर पाहता कागदाचा मोबाइल झाला. वस्तुतः काम एका हातातून दुसऱ्या हातात गेले. मग नवे प्रश्न आले. ज्याच्याजवळ तसा फोन नाही त्याने काय करावे? शिवारात सिग्नल नसेल तर? वृद्ध विधवेच्या शेताची नोंद कोणी करावयाची? पुढे मदतीसाठी सहायकांची योजना करावी लागली. नोंद राहिली तर पीककर्ज, विमा आणि नुकसानभरपाई अडते. म्हणून हे प्रश्न तळटिपेत ढकलण्यासारखे नाहीत.

कचेऱ्यांतही हेच दिसते. आमच्या पाहण्यात एक कार्यालय होते. नाव सांगण्याचे कारण नाही. तेथील जुन्या निवृत्तिवेतनाच्या वहीत शेवटचा रकाना 'शेरा' असा होता. संगणक आला तेव्हा बाहेरून आलेल्या मंडळींनी वही पाहिली, तारीख, रक्कम, क्रमांक असे सगळे रकाने घेतले, आणि 'शेरा' अनावश्यक म्हणून गाळला. परंतु त्या वहीचा जीव शेऱ्यातच होता. 'दुसऱ्या पत्नीचा दावा प्रलंबित', 'सही थरथरते, अंगठा घ्यावा', 'मुलगा अपंग, पुढील हक्क पाहावा' असल्या नोंदी तेथे असत. महिनाभरात जुन्या कारकुनाने खणात एक खासगी वही ठेवली आणि कामकाज खरे म्हणजे तिच्यावर चालू लागले. संगणकात माहिती होती. कचेरीचे ज्ञान खणात होते. कारकून निवृत्त झाला त्या दिवशी ते ज्ञानही घरी गेले. त्याच्या शेजारी आठ दिवस बसून 'हे का लिहिता?' एवढे कोणी विचारले असते, तर पुढचे हेलपाटे कितीतरी म्हाताऱ्यांचे वाचले असते.

आपल्या पूर्वजांच्या दप्तरात हा विवेक होता. कलकत्ता विद्यापीठाचे सुरेंद्रनाथ सेन यांनी मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला, त्यात पेशव्यांच्या हुजूर दप्तराचे वर्णन आहे. रोजकीर्दीत दिवसाच्या क्रमाने नोंद, मग तिची विषयवार घडणी, आणि त्यावरून वर्षाचा गोषवारा म्हणजे तर्जुमा. लिहिणाऱ्याची सोय दिवसाच्या क्रमात, शोधणाऱ्याची विषयाच्या क्रमात, निर्णय घेणाऱ्याची गोषवाऱ्यात. तिघांच्या गरजा तीन, म्हणून कागद तीन. एका बंगाली विद्वानाने हे आपल्याला दाखवून द्यावे, हा या शहराचा आपल्यावरचा आणखी एक उपकार.

आमच्या तरुण श्रोत्यांसाठी या साऱ्याचे सार थोडक्यात सांगतो. पहिली गोष्ट, माहिती मागणाऱ्याला विचारावे: हा आकडा हाती आल्यावर आपण कोणता निर्णय घेणार? उत्तर नसेल, तर तो रकाना नको. दुसरी, काम साहेबाच्या खोलीत समजून घेऊ नये. जेथे कागद प्रथम लिहिला जातो तेथे जाऊन बसावे. साहेब नियम सांगतो, कारकून अपवाद सांगतो, आणि व्यवस्था मोडते ती अपवादावर. तिसरी, प्रत्येक शब्दाची व्याख्या लिहून घ्यावी. 'घर', 'ग्राहक', 'थकबाकी' हे शब्द सोपे वाटतात म्हणूनच घातक आहेत. चौथी, थोड्या जागी करून पाहावे आणि तोललेल्या धान्याशी उत्तर ताडून पाहावे. पाचवी, माहिती देणाऱ्याचे श्रम मोजावेत. ज्याला तिचा काही उपयोग नाही, तो ती फार काळ खरी देणार नाही.

शेवटी आपल्या मंडळाविषयी. पन्नास वर्षांची सभासद-यादी आता संगणकावर घ्यावी, असा विचार चालू आहे. कार्यकर्त्यांना आमची नम्र विनंती आहे की, जुन्या वहीचे रकाने तसेच उतरवू नयेत. वहीत कुटुंबप्रमुखाचे नाव, पत्ता आणि वर्गणी आहे. कारण वही सुरू झाली तेव्हा प्रश्न वर्गणीचा होता. आज प्रश्न बदलला आहे. मुले बंगळूरला, पुण्याला, अमेरिकेला गेली आणि मागे वडीलधारी मंडळी एकेकटी राहिली, अशी किती घरे आपल्यात आहेत? रात्री दुखू लागले तर कोणाला फोन करावयाचा? जिना कोणाला उतरवत नाही? जवळ राहणारा सभासद कोण? गणपतीच्या आमंत्रणासाठी वर्गणीची यादी पुरते. या प्रश्नांसाठी पुरत नाही. मात्र विचारताना, ही माहिती कोण पाहील आणि कशासाठी, हे त्यांना आधी सांगावे, आणि कोणी देऊ नये म्हटले तर त्याचा मान राखावा. वर्षातून एकदा कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन, चहा घेऊन, नोंद ताजी करावी.

आणि त्या यादीत 'शेरा' हा रकाना अवश्य ठेवावा.